माल घरपोच मिळणार नाही

ईस्टरच्या जेवणाला हॅम कापायचा मान हॉलिस हॅकल्बीचा, आणि तो कापत असताना कोणी तोंड उघडायचं नाही ही घरची शिस्त. म्हणून लव्हॉनने मनाशी ठरवून ठेवलं होतं, की डॅडींनी सुरी खाली ठेवली की विषय काढायचा आणि खोबऱ्याचा केक टेबलावर यायच्या आत संपवायचा. आधी काढावा तर त्यांच्या हातात सुरी. उशिरा काढावा तर केक पोटात गेल्यावर त्यांना ऐकू येणं बंद होतं.

पण तिचा बेत प्रार्थनेपलीकडे टिकला नाही.

“आमेन,” ओलेटा आत्या म्हणाली, आणि त्याच श्वासात, “हॉलिस, हमरस्त्यावरची ती पाटी तू उतरवतोयस की नाही?”

हॉलिसने सुरी उचलली. शिस्तीप्रमाणे सगळे गप्प झाले. आत्या शिस्तीत बसत नव्हती. ती हॉलिसची धाकटी बहीण, आणि गप्प बसायची वेळ आली की तिला कमी ऐकू यायचं.

“परवा मतदान आहे,” ती म्हणाली. “चर्चमधून सुटलेल्या निम्म्या गाड्या त्या पाटीखालून जातात. पाद्रीबाबांनी घसा फोडून येशूचं पुनरुत्थान सांगितलं, आणि लोक घरी काय घेऊन गेले? ‘मंगळवारी पेनीला नाही म्हणा.’”

“म्हणजे लोकांना वाचता येतं,” हॉलिस म्हणाला. “शाळेवर घातलेले पैसे अगदीच वाया गेले नाहीत.”

पेनी म्हणजे डॉलरमागे एक सेंट. ओक्लाहोमातल्या या टॉलिव्हर शहरात काहीही विकत घ्या, बूट घ्या, पिझ्झा घ्या, कुत्र्याचा पट्टा घ्या, राज्याच्या करावर शहराचा हा एक सेंट चढतो आणि वेगळ्या खात्यात जाऊन शहराचं भलं करतो. दर पाच वर्षांनी नगरपालिका भल्याची नवी यादी छापते आणि लोकांना विचारते, पेनी पुढे चालू ठेवायची का? लोक आजवर हो म्हणत आले होते, मात्र दर वेळी थोडं हळू आवाजात. पेनीतून पोहण्याचा तलाव झाला, म्हाताऱ्यांसाठी छपराखालची चालायची वाट झाली, आगीचा लाल बंब आला. चार तोंडांचा घड्याळमनोराही झाला. त्याची चारही तोंडं वेगवेगळी वेळ दाखवत असल्यामुळे टॉलिव्हरमध्ये कोणाला उशीर झाला हे सिद्ध करता येत नाही. एक सायकलमार्ग झाला, तो बँकेच्या मागच्या दाराशी सुरू होतो आणि बँकेच्या पुढच्या दाराशी संपतो. प्रत्येक ठिकाणी हिरवी पाटी: ‘तुमची पेनी इथे कामाला आली.’ मेयरबाईंचा लाडका मुद्दा असा, की टेक्ससकडे जाणारे परके लोक इथे बर्गर खायला थांबतात आणि आपले रस्ते त्यांच्या खर्चाने होतात. रस्त्यांची अवस्था पाहता परके लोक बर्गर घरूनच आणत असावेत.

पहिली पेनी लागली त्या साली हॉलिसने भर सभेत उभं राहून सांगितलं होतं, की माझ्या दुकानातून शहराला एक पेनी मिळणार नाही. मग त्याने बापाच्या वेळेपासून मुख्य रस्त्यावर असलेलं हॅकल्बी फर्निचर उचललं आणि पॉसम ओढ्यापलीकडे, शहराच्या हद्दीबाहेर नेऊन ठेवलं. दुकानामागे घर बांधलं. एवढं झाल्यावर त्याला कळलं, की दुकान कुठेही असो, माल शहरातल्या घरी पोचवला तर त्या घराच्या उंबऱ्यावर पेनी लागतेच. झालं. त्या दिवसापासून हॅकल्बी फर्निचरने माल पोचवणं बंद केलं. ज्याला सोफा हवा त्याने येऊन उचलावा. चाळीस वर्षांत टॉलिव्हरमधल्या निम्म्या पाठी हॅकल्बीच्या सोफ्यांनी कामातून गेल्या, आणि उरलेल्या निम्म्या मदतीला आलेल्या मेहुण्यांच्या होत्या. लोकांनी अलीकडे त्यावर उपाय शोधला. ते फोनवरून दुसरीकडून सोफा मागवतात, तो दारात येतो, आणि पेनी मुकाट्याने भरतात.

आणखी एक गोष्ट घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. हद्दीबाहेर राहणाऱ्याला शहरात मत नसतं. पेनीविरुद्ध चाळीस वर्षं प्रचार करणाऱ्या हॉलिसने पेनीविरुद्ध एकदाही मत दिलेलं नव्हतं.

सुरी खाली आली. लव्हॉनने पाण्याचा घोट घेतला.

“डॅडी, विमा या महिन्याअखेर संपतोय.”

“दुसरा घेऊ.”

“तिघांना विचारलं. तिघंही तेच म्हणतात. आग लागली तर बंबाला पाणी देणारा बंबनळ दुकानाजवळ नाही, तर विमा नाही. विमा नाही तर बँक कर्ज परत मागणार. मग दुकान बंद.”

ती हे शांतपणे म्हणाली, पण तिने हात टेबलाखाली घेतले. शाळा सुटल्या वर्षी ती या दुकानात उभी राहिली होती. मधल्या काळात दोन लग्नं झाली आणि गेली. दुकान गेलं नव्हतं.

फेब्रुवारीत गाद्यांच्या खोलीत हिटरने पेट घेतला तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले होते, हॉलिसचे सोडून. पेनीतून घेतलेला लाल बंब हद्द न पाहता धावत आला. त्याच्या टाकीतलं पाणी अर्ध्या गाद्यांना पुरलं. सगळ्यात जवळचा बंबनळ ओढ्यापलीकडे, शहरात. बाकी अर्ध्या गाद्या जळत असताना बंबावरचे शिपाई कोरडी नळी धरून उभे होते, आणि हॉलिसने त्यांना कॉफी पाजली.

“नव्या यादीत आपली पाण्याची वाहिनी आहे,” लव्हॉन म्हणाली. “ओढ्यावरून थेट दारापर्यंत. मंजुरी दाखवली तर विमावाले तोवर थांबतील. दोनच गोष्टी हव्यात. मंगळवारी पेनी पास व्हायला हवी, आणि दुकान शहरात घ्या म्हणून तुमची सही. अर्ज माझ्या पर्समध्ये आहे.”

“पर्समध्येच छान आहे तो,” हॉलिस म्हणाला. “कोणाला अंडी हवीत?”

लव्हॉनने धाकट्या भावाकडे पाहिलं. रॉइस शहरात राहायचा, जागांची दलाली करायचा, आणि पेनीचा खर्च नीट होतो की नाही हे पाहणाऱ्या नागरिक समितीत बसायचा. पेनीच्या बाजूने त्याचा फोटो पत्रकावर छापला होता. तो आता बोलेल असं तिला वाटलं, आणि तो बोललाही.

“ताई, डॅडींवर दबाव आणू नकोस. माणसाने आयुष्यभर एक तत्त्व पाळलं, ते काय एका नळासाठी सोडायचं? डॅडी, तुम्ही वाकू नका. मला अभिमान आहे तुमचा.”

 रॉइसला अभिमान वाटलेला लव्हॉनने यापूर्वी एकदाच पाहिला होता, त्याने गोल्फची गाडी घेतली तेव्हा.

“अगदी खरं,” त्याची बायको डीडी म्हणाली. तिने दरवर्षीप्रमाणे लिंबाच्या जेलीत किसलेलं गाजर कोंबून आणलं होतं, आणि दरवर्षीप्रमाणे ते एकटीच खात होती. “आणि डॅड, बंद झालं तरी वाईट काय त्यात? किती दमता तुम्ही! त्या स्वस्त दुकानांच्या साखळीवाल्यांना तर आपल्या दुकानाचा हा कोपरा इतका आवडला! दोन्ही बाजूंनी गाडी वळते म्हणाले. इमारत तेवढी रिकामी हवी. कधीपर्यंत म्हणाले रे, रॉइस? जून ना?”

रॉइस जेलीकडे असा पाहत होता, जणू आत शिरायला जागा आहे का ते शोधत होता.

“कोणाला आवडला?” हॉलिसने विचारलं.

“नुसती चौकशी होती, डॅडी. आपली सहज.”

“मी मेलो का, रॉइस?”

“नाही, डॅडी.”

“मग तू कोणाच्या जागेची चौकशी करत होतास?”

“बाहेर पत्रकावर दात काढून पेनीला हो म्हणतोस,” लव्हॉन म्हणाली, “आणि इथे येऊन यांना वाकू नका म्हणून सांगतोस. बरं जमतं रे तुला!”

“समितीत मी शहराचा असतो, ताई. घरात घराचा.”

“आणि मधल्या ओढ्यात दलाल,” आत्या म्हणाली. “मला हॅम वाढा.”

आता डॅडी आपल्या बाजूला येतील असं लव्हॉनला वाटलं. पण हॉलिस हॅकल्बी कोणाच्या बाजूला येत नसे. लोकांनी त्याच्या बाजूला यायचं असे.

“याला जागा देणार नाही आणि शहराला सहीही देणार नाही,” तो म्हणाला. “चाळीस वर्षांत त्या घड्याळवाल्यांना मी एक पेनी दिलेली नाही. आता देऊन तोंड कुठे लपवू?”

आत्याने काटा खाली ठेवला. लव्हॉनला ती खूण माहीत होती. आत्या खाणं थांबवते तेव्हा कोणाचं तरी काही खरं नसतं.

“एक पेनी दिली नाहीस? रोज सकाळी न्याहारी कुठे करतोस?”

“डॉटीकडे. सगळ्यांना माहीत आहे.”

“डॉटीचा कॅफे शहरात आहे, हॉलिस. चाळीस वर्षं रोज सकाळी तू तिथे सॉसेजचा रस्सा ओतलेले पाव खातोस, आणि रोज त्यावर पेनी भरतोस. तलावावरची घसरगुंडी तुझ्या एकट्याच्या न्याहारीवर उभी आहे. तिला तुझं नाव द्यायला हवं होतं.”

“खाण्याची गोष्ट वेगळी.”

“आणि पाव खाल्ल्यावर कुठे जातोस? सांगू?”

“ओलेटा.”

“छपराखालच्या वाटेवर चालायला जातो हा! पेनीच्या! ती शहरात राहणाऱ्यांना फुकट आहे, बाहेरच्यांना पैसे. मग हा काय करतो? माझा नवरा व्हर्ल मेला, पण त्याचं कार्ड अजून जिवंत आहे. दारावरची मुलगी म्हणते, ‘गुड मॉर्निंग, मिस्टर व्हर्ल,’ आणि हा हात हलवतो!”

डीडी हसली आणि मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबली. लव्हॉनने वडिलांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. गुडघ्यासाठी चालायला जातो एवढंच ते सांगायचे. ती समजायची, शेतातून जात असतील.

“व्हर्ल जिवंत असताना कधी चार पावलं चालला नाही,” हॉलिस पुटपुटला. “मी त्याची अब्रू वाढवली.”

“असू दे. मला त्याचं काही नाही. मला माझी खुर्ची हवी. ख्रिसमसपासून मागतेय. ती बटण दाबलं की उठवून उभी करते ती. आठ दिवस झाले, मी बाथरूमला जायला शेजारणीला हाक मारते. आणि सख्खा भाऊ, दुकानात ती खुर्ची ठेवून, मला काय सांगतो?”

“पिक-अप गाडी घेऊन ये म्हणालो.”

“कोणाची? व्हर्लची?”

 मतदान, विमा, कोपरा, सगळं ऐकून लव्हॉन बसून राहिली होती. शेजारणीला मारायच्या हाकेचं मात्र तिला ऐकवेना. ती उठली आणि दाराजवळच्या खिळ्यावरून जुन्या ट्रकची किल्ली काढली.

“कुठे?” हॉलिसने विचारलं.

“आत्याची खुर्ची पोचवायला. तिच्या घरात, बैठकीच्या खोलीत. शहरात.”

“आपण माल पोचवत नाही.”

“आजपासून पोचवतो. रॉइस, ऊठ.”

“ताई, हे बूट नवे आहेत.”

“उत्तम. फरशीवर घसरणार नाहीत.”

दुकानाच्या मागच्या दारातून खुर्ची बाहेर काढायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात डीडीने केक कापून संपवला असता. रॉइसने आयुष्यभर जमिनी विकल्या होत्या. त्या उचलाव्या लागत नाहीत. त्याने खुर्ची पाठीकडून धरली, ती हातातून सुटली आणि दाराच्या चौकटीवर घासली. हे सगळं हॉलिस ओसरीवरून काठी टेकून पाहत होता. निषेध म्हणून तो एक शब्द बोलणार नव्हता. दुसऱ्यांदा खुर्ची घासली तेव्हा त्याला राहवलं नाही.

“पाय आधी! अरे, पाठ नाही, पाय! तुला काय गाय चढवायची आहे? लव्हॉन, तू वर चढ. ही अशी फिरव. आता तिरकी. सोड त्याला, तो नुसता लोंबकळतोय.”

खुर्ची ट्रकमध्ये गेली. दोरखंड सापडला नाही. चाळीस वर्षांत कोणाला लागलाच नव्हता.

“कोणीतरी मागे धरून बसायला हवं,” लव्हॉन म्हणाली.

“मी बसतो,” रॉइस म्हणाला.

“तू?” हॉलिसने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “विकून टाकशील वाटेत.” आणि ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस दोघांच्या खांद्यांवर हात देऊन ट्रकवर चढला. उभं राहणं गुडघ्यांना झेपेना, म्हणून दुसरी जागा नसल्यासारखा खुर्चीतच बसला.

आत्या पुढे लव्हॉनशेजारी बसली. ट्रक हळू निघाला. ‘मंगळवारी पेनीला नाही म्हणा’ या पाटीखालून गेला. पाटीच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, ‘हॅकल्बी फर्निचर. माल घरपोच मिळणार नाही,’ आणि त्या ओळीखालून माल आपल्या मालकाला मांडीवर घेऊन घरपोच चालला होता. ओढा गेला. हद्दीचा खांब गेला. लव्हॉनने आरशात पाहिलं. डॅडी सरळ पुढे पाहत होते, फोटोला बसल्यासारखे.

ईस्टरच्या दुपारी अख्खं टॉलिव्हर हॉटेलांतून जेवून बाहेर पडत होतं. घड्याळमनोऱ्याखाली लोक दातकोरणी तोंडात धरून थांबले. कोणी मोबाइल काढला. बाप्टिस्ट मंडळींचा घोळका पदपथावर उभा राहिला, त्यांचं बघून दुसऱ्या चर्चचे मेथडिस्टही थांबले. डॉटी कॅफेच्या दारात आली.

“हॉलिस!” ती ओरडली. “हे काय, पोचवायला लागलास?”

आरशात लव्हॉनला दिसलं, की डॅडींचा हात वर झाला. रोज सकाळी व्हर्लच्या नावाने होत असणार तसाच.

“हा आता पाटी उतरवणार,” आत्या म्हणाली.

“आत्या, त्यांनी नुसता हात हलवला.”

“मी पाऊणशे वर्षं ओळखते त्याला. शरम वाटली की हात हलवतो.”

आपल्या गाडीने मागोमाग आलेल्या रॉइसला हाताशी घेऊन लव्हॉनने आत्याच्या घरात खुर्ची आणली, भिंतीपाशी लावली, वायर जोडली. नीट चालते का पाहायला हॉलिस पुन्हा तिच्यात बसला. लव्हॉनने पावतीपुस्तक काढलं. शहराच्या कराचा रकाना त्यात छापलेलाच होता. तिथे तिने आजवर काही लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं आणि पावती आत्याच्या हातात दिली.

आत्याने चष्मा लावला. “हे काय शेवटी?”

“पेनी, आत्या.”

“माझ्याकडून?”

“माल शहरात पोचला ना.”

“अगं, पण मी बहीण आहे! भावाच्या दुकानातून खुर्ची घेतेय. मी पेनीच्या बाजूने आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे. दर वेळी मत देते. म्हणून माझ्याच खुर्चीवर लावायची? ते टेक्ससचे लोक भरतात ना? त्यांच्यासाठी आहे ती!”

 घूं असा आवाज आला. हॉलिसने बटण दाबलं होतं. खुर्ची मागून हळूहळू उचलली जात होती आणि तिच्याबरोबर हॉलिस.

“भर,” तो म्हणाला.

“काय?”

“पेनी भर, ओलेटा.” तो आणखी थोडा वर आला. “इतकी वर्षं तलावात फुकट डुंबलीस. मेलेल्या नवऱ्याच्या कार्डावर भावाला फिरवतेस. पेनीचा बंब तुझ्या दारात तीनदा आलाय, तुझ्या करपलेल्या पावांसाठी.” खुर्चीने त्याला पुरतं उभं केलं. “भर म्हटलं ना.”

आत्याने भरली. भरताना म्हणाली, की घसरगुंडीला याचं नाव द्यायची सूचना आपण मागे घेत आहोत.

परतताना हॉलिस पुढे बसला.  ओढ्याच्या पुलावर त्याने खिडकी खाली केली.

“त्या अर्जावर सही वर करायची असते की खाली?”

“खाली, डॅडी.”

“मूर्ख आहेत. वर असायला हवी.” थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, “पाटी उद्या सकाळी काढ. कोणी विचारलं तर सांग, वाऱ्याने पडली.”

“वारा कुठे आहे?”

“ओक्लाहोमा आहे हे. येईल.”

वारा आला नाही. महिनाभर रोज छपरं उपटू पाहणारा वारा त्या सोमवारी सकाळी कुठे गेला होता कोण जाणे. गवताचं पातं हलत नव्हतं. पेट्रोल पंपावरचा झेंडा खांबाला ओल्या टॉवेलसारखा चिकटून होता. लव्हॉन शिडीवर चढून स्क्रू काढत होती. पाटीचं एक टोक सुटून खाली लोंबत होतं. कामाला जाणाऱ्या गाड्या हळू होत होत्या, बघत होत्या आणि पुढे जात होत्या.

डॉटीने गाडी कडेला घेऊन काच खाली केली.

“काय झालं गं पाटीला?”

लव्हॉनच्या तोंडात दोन स्क्रू होते. तिला बोलता आलं नाही. खाली शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून हॉलिस उभा होता. त्याने एक हात सोडला आणि हलवला.

“वाऱ्याने पडली,” तो म्हणाला. “जबरदस्त होता.”